गोजरबाईच्या कोंबड्या आणि फातिमाबीची जीभ

"कसं लागलं?" आत्याबाईंनी विचारलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

फातिमाबी डोळे मिटून घास चावत होत्या. समोर ताटलीत कोंबडीची तंगडी, वाटीत रस्सा. आत्याबाई ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पदर नाकावर दाबून बसलेल्या. मी आमच्या आणि फातिमाबींच्या घरामधल्या बुटक्या भिंतीला टेकून उभी होते. तिथून सगळं दिसतं, ऐकू येतं आणि वासही येतो.

"बराबर हाय," फातिमाबी म्हणाल्या.

"बराबर म्हंजे? मागल्या खेपेपरीस काई वेगळं?"

"बराबर म्हंजे बराबर, गोजर. किती येळा इचारून राहिलीस."

"अन् वास?"

"मला तर कायबी वास न्हाई."

आत्याबाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. मला मात्र भिंतीपाशी उभ्या उभ्या त्या रस्स्यातून काहीतरी वेगळंच येत होतं. पण मला कोण विचारतंय?

गोजरबाई म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणते, तोंडावर आदराने आणि पाठीमागे कधीकधी दातओठ खाऊन. फातिमाबी आमच्या शेजारी. दोघींचे नवरे गेलेले, दोघींचीही साठी उलटलेली. कळमनुरीच्या अलीकडचं आमचं गाव लहान आहे, तिथे या दोघींची मैत्री सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती कशावर चालते तेही ठाऊक आहे. आत्याबाई कोंबड्या वाढवतात आणि फातिमाबी त्या चाखून सांगतात.

कारण आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. परसात कोंबड्यांची शेड आणि घरात कांद्याशिवाय दुसरं काही उग्र शिजत नाही. हे मी माहेरी, औंढ्याला सांगितलं तेव्हा माझा भाऊ हसून हसून खाटेवरून पडायचा राहिला. आमच्याकडे रविवार म्हणजे कोंबडी, हे लहानपणापासून ठरलेलं. लग्न झालं, गळ्यात मंगळसूत्र पडलं आणि पाठोपाठ माळही पडली. नवऱ्याने, वैजनाथने, बघायला आले तेव्हा याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता मी खुराडी झाडते, पाणी ठेवते, पाटी भरून देते आणि संध्याकाळी पिठलं खाते. माझ्यावर देवाने हा सूड कशाबद्दल उगवला ते त्यालाच माहीत.

एकदा कीर्तनाला आलेल्या महाराजांनी आत्याबाईंना टोकलं, माळ घालून हा धंदा बरा दिसतो का म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, "महाराज, मी कापत न्हाई, खात न्हाई. पर माझ्या दारातलं पाखरू उपाशी मातर ठेवत न्हाई." महाराज चहा पिऊन गेले. पुन्हा कधी बोलले नाहीत.

हे सगळं सुरू केलं माझ्या सासऱ्यांनी, किशनरावांनी. ते हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. येताना पिशवीत सांडलेला मका, सोयाबीन आणायचे. त्यावर चार कोंबड्या पोसल्या. मग डाळमिलची चुनी यायला लागली, म्हणजे डाळ करताना उरतो तो कणीकोंडा. मग तेलघाणीची पेंड आली. हळदीच्या कांड्या ड्रममध्ये फिरवून घासतात तेव्हा पिवळा भुगा उडतो, तोही पोत्यात भरून आला. लोकांनी झाडून टाकायच्या वस्तू, पण आत्याबाईंच्या हातात पडल्या की त्यांचं अन्न व्हायचं. भुगा चाळायचा, चुनी पाखडायची, पेंड भिजवून मोठ्या पातेल्यात शिजवायची, उन्हात घालायची आणि हाताने चोळून सगळं एक करायचं. आमच्या कोंबड्यांना औषधाची सुई क्वचितच लागली. मांसावर चरबीचा थर नाही, कातडी पिवळसर, शिजायला थोडी वेळ घेते पण चवीला एक नंबर. असं लोक म्हणतात. मला कुठून कळणार?

सासऱ्यांनी माळ कधी घातली नाही. ते फातिमाबींच्या ओट्यावर बसून खायचे. पण त्यांना सगळंच फक्कड लागायचं, त्यांच्या सांगण्याला काही अर्थ नव्हता. खरी जीभ फातिमाबींची. नवी खेप बाजारात जायच्या आधी एक कोंबडी भिंतीवरून पलीकडे जायची आणि जुम्म्याच्या दुपारी निकाल लागायचा. "चुनी जादा झाली गं, गोश्त भुसभुशीत लागून राहिलं." "या पाखराला पानी कमी पडलं." एकदा एक कोंबडी शेजारच्या कांद्याच्या चाळीत शिरून दोन दिवस तिथेच चरली होती, तीही फातिमाबींनी पहिल्या घासात ओळखली. गावात कुणाकडे मोठा स्वयंपाक असला की डेगीतलं मीठ बघायला फातिमाबींना बोलावणं यायचं, हिंदूंच्या घरूनसुद्धा. आमच्याकडे पुरणाच्या आमटीत त्या बोट बुडवायच्या तेव्हा कुठे पंगत बसायची.

तर अशी ती जीभ आणि अशा त्या कोंबड्या. हिंगोलीचे हॉटेलवाले देविदास गोजरबाईची कोंबडी म्हणून वेगळी मागून न्यायचे. आत्याबाईंना पैशापेक्षा त्या नावाचं फार होतं.

आता लग्नाचं सांगते. फातिमाबींचा मुलगा मुजाहिद हिंगोलीत मोटारी भरण्याचं, म्हणजे जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळायचं काम करतो, बायकोपोरींसह तिकडेच राहतो. लहानपणी तो आमच्याच अंगणात वाढला. गेल्या दिवाळीनंतर त्याला छातीचा झटका आला. नांदेडला नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टरांनी तेल, तूप, मटण सगळं बंद केलं. थोड्याच दिवसांत त्याच्या मुलीचं, गुलनाजचं ठरलं. वरात वसमतहून यायची. लग्न गावातच, दादीच्या दारात व्हावं असा फातिमाबींचा हट्ट होता. तयारी बघायला आला तेव्हा मुजाहिद आमच्या ओट्यावर बसून हसत हसत म्हणाला, "मावशी, पोरीच्या लग्नात सगळे बिर्यानी खातील अन् म्या दाल पिऊन बसायचं, असं दिसून राहिलं."

तो विसरूनही गेला असेल. आत्याबाई विसरल्या नाहीत. लग्नाच्या कोंबड्या आपल्याच शेडमधून जायच्या आणि मुजाहिदलाही त्या खाता यायच्या, असं त्यांनी मनात धरलं.

कळमनुरीला पशुसंवर्धनाचं शिबिर होतं, तिथे त्या गेल्या. मला बरोबर नेलं, कारण त्यांच्या मते मला डॉक्टरांची भाषा कळते. सगळं आटोपल्यावर त्यांनी एका तरुण डॉक्टरांना गाठलं आणि सरळ विचारलं, "सायेब, छातीच्या माणसाला चालंल अशी कोंबडी करता येती का?"

डॉक्टर आधी हसले, मग त्यांचा चेहरा बघून थांबले. म्हणाले, "बाई, तुमची कोंबडी आधीच चांगली आहे. घाणीवर जवसाची पेंड मिळते का बघा. जवसातली चांगली चरबी मांसात उतरते. पण हात राखून घाला. जास्त झाली की मांसाला मासळीसारखा वास मारतो. आणि कापायच्या आधी पंधरा-वीस दिवस जवस बंद. आणि त्यांना म्हणावं, खायचं ते बेतानेच."

आत्याबाईंनी सगळं ऐकलं आणि त्यातलं निम्मं मानलं.

हरिचंदच्या घाणीवरून जवसाची पेंड आली. पहिल्यांदा मूठभर. एक कोंबडी पलीकडे गेली, फातिमाबी म्हणाल्या बराबर. मग ओंजळभर. तेही बराबर. मग पाटीभर. आत्याबाईंचा हिशेब साधा होता. डॉक्टर पुस्तकातलं सांगतो, आपल्याजवळ फातिमाची जीभ आहे. तिला वास येत नाही म्हणजे वास नाही. आणि वास नाही तर बंद कशाला करायचं, मुजाहिदला तेवढाच गुण येईल.

त्या शेवटच्या जुम्म्याला मी भिंतीपाशी उभी होते. फातिमाबींनी बराबर म्हटल्यावर घरात येऊन मी म्हणाले, "आत्याबाई, मला वास येतोय. मासळीसारखा."

"तुला काय कळतं? माळकरी तू."

"माळ आत्ता घातली. त्याच्याआधी मी गवत खात होते का? कोंबडीचा वास मला कळतो."

"फातमा म्हनली बराबर. तुला तिच्यापरीस जास्त कळतं का?"

अख्ख्या गावात त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी मी फातिमाबींकडे विरजण मागायला गेले, तर चुलीवर दूध करपून काळं झालेलं, घरभर जळका वास आणि त्या तिथेच बसून शांतपणे तांदूळ निवडत होत्या. "मावशी, दूध करपलं," म्हटल्यावर धडपडत उठल्या. हेही मी घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "म्हातारपन हाय बाई, ध्यान राहत न्हाई."

लग्नाच्या दिवशी शाळेच्या मैदानात शामियाना घातला होता. एका बाजूला वऱ्हाडाचे दस्तरखान, बायकांसाठी कनात लावून वेगळी जागा. आमच्यासारख्यांसाठी शाळेच्या व्हरांड्यात वेगळा आचारी, वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. निकाह झाला, खजूर वाटले. आत्याबाई काही केल्या जेवायला बसेनात. कनातीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, तिथून पुरुषांची बाजूही दिसत होती आणि बायकांचीही. त्यांना मुजाहिदने पहिला घास घेतलेला बघायचा होता. मीही त्यांच्या मागे उभी. डेग उघडल्याबरोबर मला तो वास आला.

वऱ्हाडाने हात घातले. पहिला घास तोंडात गेला आणि हात थांबले. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे बघितलं. एका पोराने घास हातावर काढला, त्याच्या बापाने त्याला डोळे वटारले आणि स्वतःही भातच चिवडत राहिला. नवरदेवाचे चुलते, पांढऱ्या दाढीचे भले गृहस्थ, मुजाहिदकडे वाकून हळूच म्हणाले, "भाईसाब, ये मुर्गी है के मछली?"

मुजाहिदने स्वतः घास घेतला. त्याचा चेहरा उतरला. तो बावर्चीकडे गेला. बावर्ची आधीच तापलेला होता. "मेरे मसाले कू कुछ नको बोलो. गोश्तमेंच बास है," तो म्हणाला, आणि ते चार जणांनी ऐकलं. मुजाहिद वळला आणि आत्याबाईंपाशी आला. पोरीच्या लग्नात, व्याह्यांच्या समोर, त्या माणसाच्या तोंडावर जी कळा आली होती ती बघवत नव्हती. तरी तो आवाज चढवून बोलला नाही.

"गोजरमावशी, अम्मीनं चाखलं व्हतं ना?"

आत्याबाई कनातीच्या आत बघत होत्या. मीही बघितलं. आत सगळ्या बायकांनी ताटं सारली होती. कुणी पाणी पीत होतं, कुणी लेकरांची तोंडं पुसत होतं. मधोमध नवरीशेजारी खुर्चीवर फातिमाबी बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, आणि जेवत होत्या. मन लावून जेवत होत्या. हाड चोखून बाजूला ठेवलं, भाताचा घास केला आणि शेजारच्या वसमतच्या पाहुणीला म्हणाल्या, "खाओ ना अम्मा, शरमाओ नको. एकदम बराबर हुआ है." गुलनाज मेंदीचा हात तसाच धरून आजीकडे बघत राहिली होती.

आत्याबाईंना त्या क्षणी सगळं कळलं. मलाही कळलं. दूध काळं का झालं तेही कळलं.

"मावशी?" मुजाहिद म्हणाला.

"न्हाई लेकरा," आत्याबाई म्हणाल्या. "या खेपेला मी तिला चाखाया दिलंच न्हाई. लग्नाची घाई झाली. तिचा काई संबंध न्हाई, चूक माझी हाय."

मी तोंड उघडलं. त्यांनी न बघता माझा दंड असा चिमटला की पुढे आठवडाभर तिथे काळंनिळं होतं. जिने आयुष्यात दुधात पाणी घातलं नाही, ती बाई गळ्यातल्या माळेसकट शंभर माणसांत धडधडीत खोटं बोलली.

शेवटी आमच्या पंगतीचं वरण-भात आणि बुंदी वऱ्हाडाकडे गेली. नवरदेवाच्या चुलत्यांनी मोठेपणा केला, दोनदा वरण मागून घेतलं आणि म्हणाले की प्रवासात असंच हलकं बरं. लग्न सुखरूप पार पडलं. गुलनाज नांदायला गेली. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. गोष्ट वसमतला गेली, हिंगोलीला गेली, कळमनुरीच्या बाजारात तर आमच्या आधी पोचली. देविदासांनी फोनवर सांगितलं, सध्या नको. बाजारात लोक आत्याबाईंच्या पाट्यांपाशी यायचे, वाकून वास घ्यायचे आणि हसून पुढे जायचे. जिवंत कोंबडीचा वास घेऊन यांना काय कळणार होतं देव जाणे. कुणीतरी मासळीवाली गोजरबाई म्हणालं, ते मी स्वतः ऐकलं. आत्याबाईंनीही ऐकलं. त्या पाटीवरचं जाळं नीट करत बसल्या.

घरी आल्यावर मी भांडले. मनापासून भांडले. "खोटं काहून बोललात? इतक्या वर्षांचं नाव घालवलंत. सांगायचं होतं, की चाखलं त्यांनीच, बराबर म्हणाल्या त्याच."

"अन् वरातीम्होरं सांगायचं, की नवरीच्या आजीला चव न्हाई, वास न्हाई? नातीच्या लग्नात?"

"मग काय झालं? आजार आहे तो. चोरी केली का त्यांनी?"

"मिना, तिच्याजवळ दुसरं काय राहिलंय गं? डोळ्याला धड दिसत न्हाई. सुई ववता येत न्हाई. पोरगा हिंगोलीला. पर कुनाच्या घरी डेग चढली की तिला बोलावनं येतंच. खुर्ची देतात, चमचा हातात देतात, समदे तिच्या तोंडाकडं बघतात. त्ये मी काढून घेऊ?"

"आणि तुमचं?"

"माझ्या कोंबड्या फुडल्या खेपेला सुदरतील. तिची जीभ सुदरनार हाय का?"

मला रडू आलं. रागाचंच होतं बहुतेक.

जवसाचं पोतं बंद झालं. आत्याबाईंनी पुन्हा पहिल्यासारखं चुनी, मका, हळदीचा भुगा सुरू केला. पण जुम्मा आला की त्या शेडमध्येच काही ना काही उकरत बसायच्या. भिंतीकडे जात नव्हत्या. पलीकडून फातिमाबीही दिसत नव्हत्या.

मग एका दुपारी त्या आल्या. भिंतीवरून नाही, रस्त्याने वळसा घालून, पुढच्या दाराने, पाहुण्यासारख्या. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही. आत्याबाई तांदळातले खडे वेचत होत्या.

"मुजाहिदचा फोन आला व्हता," फातिमाबी म्हणाल्या. "म्हनला, गोजरमावशीनं तुला चाखवलं न्हाई म्हने, काहून? म्या म्हनले, इचारून सांगते."

आत्याबाईंनी एक खडा दारातून बाहेर टाकला.

"काहून, गोजर?"

"जाऊ दे."

"थंडीत ताप आला व्हता ना मला. उतरला. सकाळी चहा पिला तर निस्तं गरम पानी. साखर घातली, अजून घातली. कायच न्हाई. वाटलं, येईल वापस. मग तू कोंबडी दिली, डोळे लावून बसली. म्या न्हाई म्हनाया गेले, पर तोंडातून बराबरच निघालं. मागल्या खेपेला बराबर व्हतं, मग आता बी बराबरच असंल, असं वाटलं मला. जवसाचं इतकं ध्यानात आलं न्हाई."

"मला सांगाया काय झालं व्हतं?"

फातिमाबींनी न घेतलेला पाण्याचा पेला जवळ ओढला. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू जुम्म्याला आली असती का?"

आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मी त्यांना बऱ्यापैकी चिडवलेलं आहे. "इतकी वर्सं मी काय तुझ्या जिभेसाठी येत व्हते व्हय गं? लाज वाटती का तुला? मला कोंबडीचा वास सोसत न्हाई, मळमळतं, तरी नाक दाबून मी तिथं बसते. कशासाठी बसते? तू हायेस म्हनून बसते."

यावर दोघीही रडल्या. मी आत जाऊन चहा ठेवला, दुसरं काय करणार? चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मला वाटलं आता बोलावंच. म्हणाले, "आत्याबाई, नवी खेप तयार झाली. कुणीतरी चाखून सांगायला पाहिजे. मी माळ काढते. देवाची माफी मागेन." खरं सांगते, यात त्याग किती आणि भूक किती ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

आत्याबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "माळ काढायची कायबी गरज न्हाई. वास तुला आला व्हता, म्या ऐकलं न्हाई. माळ गळ्यात हाय तुझ्या, नाकाला न्हाई. फातमा रांधंल, तू भिंतीपाशी हुबी राहून सांगायचं."

म्हणजे माझं नशीब तेच. फक्त आता हुद्दा मिळाला.

नव्या खेपेतली कोंबडी फातिमाबींनी रांधली. मी भिंतीला टेकून नाक भरून वास घेतला. मासळी नाही, तेल नाही. स्वच्छ, गोडसर, माहेरच्या रविवारचा वास होता. मी सांगितलं, बरोबर आहे. मग पुन्हा एकदा वास घेतला, उगाच. फातिमाबी ताटली बाजूला ठेवून म्हणाल्या, "गोजर, म्या उद्या बाजाराला येते तुझ्यासंगं."

"तू? गर्दीत धक्का लागंल. काय करायचंय तुला बाजारात?"

"येते म्हनले ना."

फातिमाबी बाजारात कधी बसल्या नव्हत्या. त्यांच्या घरात ती रीतच नव्हती. वैजनाथने आम्हा तिघींना आणि पाट्यांना टेम्पोत घालून कळमनुरीला सोडलं. मी लिंबाच्या सावलीत पोतं अंथरलं, पण सावली पुढे सरकत गेली. फातिमाबी आत्याबाईंच्या शेजारी, पाट्यांना गुडघा लावून, ताठ बसल्या.

देविदास भाजी घ्यायला आले होते. लांबूनच म्हणाले, "काय गोजरबाई, आज काय, कोंबडी का मासळी?" आजूबाजूचे हसले. आत्याबाईंनी मान खाली घातली.

"देविदासभाऊ, हिकडं या," फातिमाबी म्हणाल्या. ते आले. "मुर्गीत ऐब नव्हता. गोजरनं मला तीन डाव चाखाया दिली. म्या बराबर म्हनले. मला चव न्हाई, वास न्हाई, थंडीपासून. म्या लपवलं. हिनं माझ्यापायी भर लग्नात खोटं बोललं, आपलं नाव घालवलं."

"फातमा, गप," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई गप बसनार."

देविदास ओशाळले. मग म्हणाले, एक द्या, करून बघतो. एक कोंबडी गेली. शेजारी मिरच्या घेऊन बसलेली आमच्याच गावची रूपाबाई सगळं ऐकत होती. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, ती सरळ म्हणाली, "अगं बया. मंग आता डेगीतलं मीठ कोन बघायचं? आमच्या पोराचं जावळ हाय फुडल्या महिन्यात."

फातिमाबींनी गुडघ्यावर हात टेकला. क्षणभर मला वाटलं त्या उठून जातात. मग त्या म्हणाल्या, "दुसरी कुनी बघा आता. माझ्या भरोशावर राहू नका."

रूपाबाईने मान डोलावली आणि मिरच्यांवर पाणी शिंपडलं. आत्याबाईंनी फातिमाबींचा हात धरला तो सोडला नाही.

त्यानंतर येईल त्याला फातिमाबी सांगत राहिल्या. दर विचारणाऱ्याला, वाकून वास घेणाऱ्याला, भाव करणाऱ्याला. तेच शब्द, त्याच क्रमाने. कुणी हळहळलं, कुणी घाईने पुढे सरकलं, कुणी कोंबडी घेतली. निम्म्या पाट्या रिकाम्या झाल्या, निम्म्या तशाच राहिल्या. आत्याबाईंनी आधी दोन-तीनदा त्यांना थांबवलं, मग थांबवणं सोडून दिलं.

उन्हं कलली तेव्हा खांद्यावर पिशवी घेतलेला एक परका माणूस आमच्यापुढे थांबला. कोंबड्यांकडे त्याचं लक्षही नव्हतं. "बाई, औंढ्याची गाडी कुठं लागते?" त्याने विचारलं.

"मुर्गीत ऐब नव्हता, भाऊ," फातिमाबींनी त्याच्याकडे मान वर करून सुरुवात केली. "मला चव न्हाई."

तो गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. मी त्याला थांब्याकडे हात करून दाखवला, पण तो गेला नाही, पिशवी खाली ठेवून ऐकत राहिला. फातिमाबींच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. आत्याबाईंनी आपला पदर सोडवून त्यांच्या कपाळावर धरला, आणि बोलणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.